शेवटचा तोच खरा

फॉर्मवर ‘आणखी एक सदस्य जोडा’ असं उदार बटण असतं. पाच जण भरा; पाचही रकान्यांना एकच नाव दिलं असेल तर पीएचपी ही वेबसाइटमागची भाषा शेवटचाच धरते. आजोबांपासून सुरुवात केली, तरी डेटाबेसात उरतो धाकटा नातू. मग कुणी शहाणा नावापुढे चौकटी कंस लावतो आणि सगळे पोचतात. पण टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. नातवाची ‘विद्यार्थी’ ही एकुलती खूण पहिल्या क्रमांकावर सरकते आणि आजोबा शाळेत दाखल! शेवटी सगळी नावं स्वल्पविराम देऊन एकाच खणात कोंबायची. एका खणात एकच मूल्य, हे संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्येच मांडलं होतं. पण सदस्यांचं वेगळं टेबल केलं, तर एकत्र कुटुंबपद्धती टिकवणार कोण?