सावडीचं सेमिस्टर

आमच्या आबांनी चार राज्यं पाहिली, तीही घर न सोडता. जन्म सी. पी. अँड बेरारमधला. शाळेत नाव घातलं तेव्हा गाव मध्य प्रदेशात होतं. १९५६ साली ते मुंबई राज्यात गेलं आणि १९६० साली महाराष्ट्रात आलं. एवढ्यावर भागलं नाही म्हणून ३० जून १९९८ च्या रात्री अकोला जिल्ह्यात झोपलेली मेडशी १ जुलैला वाशिम जिल्ह्यात उठली. हा सगळा प्रवास आबांनी ओट्यावर बसून केला. त्यामुळे पुतणीनं "आबा, मी एका सेमिस्टरसाठी जर्मनीला चालली" असं सांगितलं तेव्हा ते फारसे हलले नाहीत. म्हणाले, "जाय. पण परत येशीन तवा आपण कोण्या जिल्ह्यात असू, काही सांगता येत नाही बाप्पा."

पोरगी पुण्यात भूगोल शिकते. खरं तर आमच्यासाठी पुणं हाच पहिला परदेश. तिथं गेल्यावर तिला 'मले-तुले' गिळून 'मला-तुला' बोलायला लागलं, त्यापुढे जर्मन काय अवघड! आता तिच्या कॉलेजाच्या करारातून हायडेलबर्गला जायचं, सहा महिने शिकायचं आणि फी मात्र इथंच भरायची. तिकडचाही एखादा विद्यार्थी असाच इकडे येणार. याला म्हणे एक्स्चेंज म्हणतात. मी हे सगळं आबांना तब्बल पाऊण तास समजावलं. ऐकून ते म्हणाले, "मंग सावड म्हण ना सरळ."

सावडच ती. तुझा बैल माझ्या वावरात, माझा बैल तुझ्या वावरात, मजुरीचा हिशेब नाही. मी शिक्षक म्हणून बत्तीस वर्षं काढली, पण दोन विद्यापीठांचा करार एका शब्दात सांगणं मला जमलं नव्हतं. मात्र सावड म्हटल्यावर आबांचा पुढचा प्रश्न आलाच. "तिकून कोण येऊन राह्यलं?"

याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. वऱ्हाडाला तसा एकतर्फी पाठवण्याचा जुनाच सराव आहे. एकेकाळी आमचा कापूस गाठी बांधून मँचेस्टरला जायचा आणि कापड होऊन परत यायचा. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख विलायतेला गेले आणि ऑक्सफर्डहून डॉक्टरेट घेऊन आले, तीही वैदिक साहित्यातल्या धर्मावर! पुढं ते देशाचे कृषिमंत्री झाले आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव लागलं, म्हणून आम्हाला त्या ऑक्सफर्डबद्दल तक्रार नाही. पण वेद समजायला टेम्सकाठी जावं लागतं, हे आमच्या आईला आजही पटत नाही.

जायच्या आधी पैशांचं एक प्रकरण झालं. जर्मनीचा व्हिसा हवा तर महिन्याला ९९२ युरो या हिशेबानं पैसे आधीच एका बंद खात्यात टाकायचे आणि तिथं गेल्यावर ते हप्त्याहप्त्यानं काढायचे. दादाला हे काही केल्या उमजेना. पैसे आपले, नाव पोरीचं, आणि काढायला परवानगी दुसऱ्याची? आईनं मात्र ते चटकन ओळखलं. तिच्या लुगड्याच्या कनवटीची व्यवस्था तंतोतंत हीच आहे.

ऑक्टोबरात ऐन सोयाबीन सोंगायच्या घाईत पोरगी गेली. अकोल्याच्या एसटीत बसवून आलो आणि तसेच वावरात गेलो.

पहिल्या आठवड्यात फोन आला. विद्यापीठ १३८६ सालचं, जर्मनीतलं सगळ्यात जुनं. त्यात विद्यार्थ्यांना कोंडायची कोठडीही आहे. रात्री दंगा केला की तिथं रवानगी व्हायची, आणि पोरांनी काजळी-रंगानं भिंती चितारून ठेवल्यात. १९१४ पर्यंत ती वापरात होती म्हणे. (बत्तीस वर्षांच्या नोकरीत ही सोय आपल्याला का मिळाली नाही, असा विचार माझ्या मनात आला, तो मी दाबला.) पण गावभर गाजली ती दुसरीच गोष्ट. तिकडे वेळापत्रकात दहा लिहिलेलं असतं आणि तास सव्वादहाला सुरू होतो! दहाच्या पुढे 'सी. टी.' अशी लॅटिनची दोन अक्षरं असली की पाव तास माफ. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर हे सांगितलं तर जो तो एकदम सुखावला. आपण जे पिढ्यान्‌पिढ्या आळस समजत होतो ती युरोपातली विद्यापीठीय परंपरा निघाली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्या लोकांनी घड्याळं एक तास मागे केली. साडेतीन तासांचा फरक साडेचारांवर गेला आणि दादा पहाटे चहा पिता पिता तिला मध्यरात्री उठवू लागला.

मग आली चंपाषष्ठी.

तिकडे ग्रंथालयात तिला एक जर्मन पुस्तक सापडलं होतं, १९७६ सालचं. नाव वाचून ती उभ्या उभ्या हसली: बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा. लेखक गुंथर सोंथायमर. हा माणूस कायद्याच्या अभ्यासासाठी पुण्यात आला आणि खंडोबाच्या नादी लागला. धनगरांबरोबर हिंडला, त्यांच्या ओव्या ऐकल्या आणि पुढं हायडेलबर्गला शिकवत राहिला. १९९२ साली तो गेला. वर्गात कोणी तरी तिला विचारलं, तळी भरतात ती कशी? घरी दरवर्षी पाहिलेली गोष्ट, पण पोरीला धड सांगता येईना. तिनं रात्री आबांना फोन लावला. विड्याची पानं किती, सुपारी कुठं, भंडारा कधी उधळायचा, अशी तासभर उलटतपासणी झाली. आबांना इतक्या गंभीरपणे आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. ते फोन ठेवायलाच तयार नव्हते.

षष्ठीला इकडे दुपारचे बारा वाजले होते, तिकडे सकाळचे साडेसात, अजून उजाडायचं होतं. आईनं भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला. फोनच्या पडद्यावर वसतिगृहाचं स्वयंपाकघर होतं. पोरीनं वांगी आदल्या रात्रीच ओव्हनमध्ये भाजली होती, कारण जाळावर भाजली असती तर धुराची घंटा वाजून अग्निशमनवाले नैवेद्याला आले असते. रोडग्याच्या जागी पाव होता. तळीला धरायला एक इटलीची, एक कोरियाची, एक स्पेनचा, अर्धवट झोपेतले. चौथी ही.

"चार चालत नाहीत," आबा ओरडले. "पाच पाह्यजेत!"

एवढ्या सकाळी पाचवा कुठून आणायचा? शेवटी तिनं फोनच ताटाला टेकवून उभा केला. पाचवे आबा. त्यांनी इकडून 'येळकोट' म्हटलं आणि तिकडून तीन देशांच्या उच्चारात उत्तर आलं. हळद उधळली ती टेबलावर सांडली, आणि तो पिवळा डाग तिथून निघेपर्यंत म्हणे तिचं सेमिस्टर संपलं.

सोंथायमरची गोष्ट मी त्या रात्री आबांना पुन्हा नीट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे त्याईनं बैल आधीच धाडला होता. आपलीच पाळी राह्यली होती."

मार्चमध्ये पोरगी आली. जिल्हा वाशिमच होता. तीस क्रेडिट, दोन किलोनं वाढलेलं वजन आणि एक निरोप घेऊन आली: कोरियाच्या पोरीला सोयाबीन सोंगायला यायचं आहे. तिच्या घरी सोयाबीन रोज खातात, पण उभं पीक तिनं कधी पाहिलेलं नाही.

आबांनी तिच्यासाठी हलका विळा काढून ठेवला आहे. फक्त एक अट कळवायला सांगितली आहे. सकाळचे सहा म्हणजे सहा. ते लॅटिन वावरात चालत नाही.