रन म्हणजे धावणे?

ऑक्सफर्ड, रविवार

ती. बाबा व ती. आई यांस,


बाबा, उभी हयात तुम्ही ‘रन म्हणजे धावणे’ म्हणून पोरांकडून घोकून घेतलंत. ती सगळी पोरं परत वर्गात बोलवावी लागणार, असं दिसतंय.

परवा शेजारच्या ऐंशीच्या आजी ह्यांना म्हणाल्या, “आय विल रन यू टू द स्टेशन.” ह्यांनी बुटाच्या नाड्या आवळल्या आणि “तुम्ही कशाला धावताय या वयात?” म्हणून विनवायला लागले. आजींनी शांतपणे गाडीची किल्ली काढली. त्याच आठवड्यात शाळेतून चिठ्ठी आली, तुमच्या नातवाचं नाक रन होतंय. नळ रन होतो, दूध रन आउट होतं, आगगाडी तर उशीर झाला तरी ‘रनिंग लेट’, म्हणजे उशिरासुद्धा धावतच! अमेरिकेत बायकांचा तलम मोजा उसवला की ‘रन’ होतो. इथे त्याची शिडी होते. मला विचाराल तर ही इंग्रजांची घाई नव्हे, काटकसर आहे. कालच्या पोळीचा आज कुस्करा, उद्या लाडू.

इथे बॅनबरी रोडवर जेम्स मरे यांचं घर आहे. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाचे हे संपादक. त्यांना टपालच इतकं यायचं की खात्याने दारापुढे लाल पेटी बसवली. ती अजून आहे. कोश दहा वर्षांत उरकायचा होता. पाच वर्षांनी गाडी कुठे, तर ‘अँट’पाशी. मुंगीपाशी, आणि मुंगीच्याच पावलांनी! मरे १९१५ साली गेले, कोश पुरा झाला १९२८ला. अलीकडे नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर यांनी एकट्या ‘रन’वर नऊ महिने घालवले आणि या क्रियापदाचे ६४५ अर्थ काढले. नऊ महिने म्हटल्यावर आई म्हणतील, एवढ्यात बाळंतपण झालं असतं.

इंग्रज दुकानही ‘रन’ करतो. आपण चालवतो, पुण्यात ते दुपारी झोपतंसुद्धा. निवडणुकीत मात्र इंग्रज आपल्यासारखाच उभा राहतो, धावतो तो अमेरिकन. पण उभं राहिल्यावर पैसे घेऊन बसायची सोय आपल्याच भाषेत.

त्यावरून आठवलं, बापूकाका ग्रामपंचायतीला उभे होते ना? अजून उभेच आहेत की बसले, तेवढं कळवा.

आपली,
सूनबाई