पेन्सिल आमची, सराव तुमचा

प्रति,
दर रविवारी अफझलगंजात दुसऱ्यांच्या कागदावर हात चालवणारे काका,



तुमचे नाव पत्रात घालत नाही. हैदराबादच्या उस्मानिया रुग्णालयासमोर सकाळी स्केचबुक घेऊन बसणाऱ्यांना ते सांगावे लागणार नाही. आधी खांद्यावरून कागदावर सावली पडते, मग ‘अंऽऽ’ असा हुंकार येतो, मग “जरा द्या बघू इकडे!” आणि आमच्या बोटांतली पेन्सिल तुमच्या बोटांत. परवानगी तुम्ही मागितलीत असे तुम्हाला वाटते. आम्ही दिल्याचे आम्हाला आठवत नाही.

तुमच्या अधिकाराबद्दल वाद नाही. शाळेत असताना नांदेडला इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेत ‘ए’ ग्रेड मिळाली होती, हे आता आमच्याइतकेच समोरच्या चहावाल्यालाही पाठ झाले आहे. मात्र कला संचालनालयाने ग्रेडबरोबर जगातल्या सगळ्या ड्रॉइंग पेपरांचा सातबाराही तुमच्या नावे केला होता का, हे एकदा सर्टिफिकेट उलटून बघा. त्या परीक्षेत तुमच्या कागदावर पर्यवेक्षकांनी येऊन रेघ ओढली असती, तर ती ‘ए’ ग्रेड नक्की कोणाची झाली असती, हाही एक प्रश्न आहेच.

आम्ही तिथे काय करत असतो, ते एकदा सांगून टाकतो, कारण इतके दिवस आमच्यात वावरूनही ते तुमच्या लक्षात आलेले दिसत नाही. सुरुवातीला आम्ही चित्र काढत नसतो. दोन ठिपके द्यायचे, मनगट न वळवता खांद्यापासून हात हवेत दोनचारदा फिरवायचा आणि मग एकदाच रेघ ओढायची. चुकली तर चुकली, खोडायची नाही. तिच्यावर दुसरी केसाळ रेघ चढवायची नाही. पानभर रेघा, पानभर लंबवर्तुळे, पानभर खोकी. पुढच्या रविवारी हेच पान शेजारी ठेवून बघायचे असते की हात कुठे वाकतो, डावीकडे की शेवटाला. चुकलेली रेघ हाच आमचा हिशेब. तुम्ही ती खोडरबराने साफ करून तिच्या जागी सुंदर रेघ ठेवता. रेघ खरोखरच सुंदर असते, त्याबद्दल अभिनंदन! सराव तुमचा उत्तम चालला आहे. कागद आमचा, पेन्सिल आमची, ऊन आमच्या डोक्यावर आणि हात तुमचा सुधारतोय.

आता घुमटाचे प्रकरण. वास्तुविशारद व्हिन्सेंट एश याने या रुग्णालयाला घुमट दिले, ते आमच्यासारख्यांना लंबवर्तुळ शिकवायला दिले असावेत अशी माझी समजूत आहे. घुमटाखालचे गोल कडे आपल्या डोळ्यांच्या फार वर असते, म्हणून त्याची जवळची कड मधे वर उचललेली दिसते. नवशिका ती हटकून खाली झुकवतो, कारण आयुष्यभर त्याने पातेल्याचे तोंड वरून पाहिलेले असते. परवा एकाने तशीच झुकवली होती. “हे कडं तुझ्या डोळ्यांच्या वर आहे की खाली?” एवढे विचारले असते तरी पोराने मान वर करून घुमट पाहिला असता. तुम्ही पेन्सिल घेतलीत आणि कडे बरोबर काढून दिलेत. त्याने घुमट पाहिलाच नाही, तुमची बोटे पाहिली. शेजारचा घुमट त्याने पुन्हा खाली झुकवला. तुम्ही तोपर्यंत पुढच्या बळीपाशी पोचला होतात.

आणि क्षितिजरेषा! काका, तुमची सगळ्यात मोठी करामत ही. आम्ही फूटपाथच्या कडेवर बसलेलो असतो आणि तुम्ही उभे असता. यथार्थदर्शनात क्षितिजरेषा म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी, हे तुम्हीच आम्हाला ऐकवता. मग बसलेल्याची आणि उभ्याची क्षितिजरेषा एक कशी असेल? समोर पेरूची बंडी उभी असते. बसलेल्याला तिचा वरचा पाट जेमतेम जाड रेघेएवढा दिसतो, तुम्हाला मात्र वरून सगळे पेरू मोजता येतात. तुम्ही प्रामाणिकपणे तुम्हाला दिसणारे पेरू आमच्या चित्रात काढता. पाठीमागे स्टेट सेंट्रल लायब्ररीची लांबलचक इमारत बसलेल्याच्या नजरेतून मागे गेलेली आणि पुढे बंडी उभ्याच्या नजरेतून! १८९१ साली आसफिया ग्रंथालय म्हणून सुरू झालेल्या आणि १९३६ पासून या इमारतीत असलेल्या त्या लायब्ररीने बरेच काही सोसले असेल, पण एकाच कागदावर दोन क्षितिजे तुम्हीच तिला दाखवलीत. दुरुस्ती करायचीच असेल तर निदान शेजारी बसा. गुडघे दुखतात, मान्य. मग दुरुस्तीही उभ्या उभ्या तोंडाने करा.

तुम्हाला इतिहास सांगायला आवडतो, म्हणून थोडा माझ्याकडूनही. (मुसी नदीच्या १९०८ च्या पुरात दीडएकशे माणसे जिच्यावर चढून वाचली ती चिंच येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवतानाही तुमच्या हातात आमचीच पेन्सिल असते, हे जाता जाता.) १८५७ च्या मार्चमध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे वर्ग सुरू झाले. ज्यांच्या नावाच्या गंजात आपण बसतो ते अफझल-उद्-दौला त्याच वर्षी निजामाच्या गादीवर आले. याचा चित्रकलेशी काही संबंध नाही, पण तुम्ही असे योगायोग सोडत नाही. आणि त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन रस्किन यांनी चित्रकलेच्या पायाभूत धड्यांचे पुस्तक काढले, तेही नवशिक्यांना लिहिलेल्या तीन पत्रांच्या रूपात. पहिला धडा काय, तर एक चौकोन आखा आणि पेनाच्या रेघांनी तो सगळीकडे सारखा भरा. बस्स. रस्किन लंडनमध्ये कामगारांना समोर बसवूनही शिकवत, पण हे पुस्तक त्यांनी पत्रांतच लिहिले. पत्राला हात फुटत नाहीत, म्हणून तो चौकोन शेवटी वाचणाऱ्यालाच भरावा लागतो. तुम्हाला मी पत्र का लिहीत आहे, ते यावरून लक्षात यावे.

आमच्यात ती आठदहा वर्षांची चुणचुणीत मुलगी येते, तिचे खोके तुम्ही सलग काही रविवार सरळ करून दिलेत. गेल्या खेपेला तिने बसल्याबरोबर कोरा कागद आणि पेन्सिल तुमच्यापुढे केली. “काका, तुम्हीच काढा.” तुम्ही कौतुकाने हसलात आणि काढलेतही. आम्ही बाकीचे एकमेकांकडे बघत होतो. तुम्ही खोक्याकडे.

‘वा, वा, क्या बात है’ म्हणत पुढे सरकणारेही आमच्यात आहेत, पण ते कागद काळा करत नाहीत, त्यांच्याशी भांडण नाही. “फोटो कायकू नहीं लेते मियाँ?” विचारणाऱ्या रिक्षावाल्यांशी तर मुळीच नाही, त्यांचा प्रश्न रास्त आहे.

ऐकून घेण्याच्या कलेत मात्र तुम्ही आणखी तयार आहात. आमचा रिवाज असा की शेवटी कागद ओळीने मांडायचे आणि ज्याचा कागद त्यानेच एक प्रश्न विचारायचा. ‘कसं झालंय?’ हा प्रश्न बाद, कारण त्याला ‘छान’ याशिवाय उत्तर नसते. ‘या खोक्याच्या मागच्या कडा एकमेकींकडे झुकतात का?’ असे काहीतरी नेमके हवे. तुम्ही एकदाच स्वतःचे चित्र मांडलेत, तेही प्रश्नाविना. कोणीतरी भीत भीत म्हणाले, डावीकडची भिंत जरा कलली वाटते. त्यावर कागद दमट होता, पेन्सिल एचबी होती, भिंत मुळातच कललेली आहे आणि भूकंपशास्त्र हा वेगळा विषय आहे, इतकी उत्तरे मिळाली. पुढच्या रविवारी भिंत सरळ झाली होती. कागद तोच होता.

सोबत बटर पेपरचा एक रोल पाठवत आहे. हात शिवशिवला की त्याचा तुकडा आमच्या कागदावर ठेवा आणि वरून मनसोक्त गिरवा. खालची रेघ जागेवर राहील आणि वर तुमची शेजारी दिसेल. किंवा समासात अंगठ्याएवढे काढून दाखवा. चांगले मास्तर तेवढ्यावर भागवतात. तेही नको असेल तर विचारा, “यातली कुठली रेघ तुझी तुलाच खटकते?” आणि मग थोडा वेळ गप्प राहून बघा. सुरुवातीला जड जाईल. सराव करा, पानभर.

रोल संपला तर बेगमबाजारात घाऊक भावात मिळतो. बिल माझ्या नावावर चालेल.

कळावे. लोभ आहेच, तो थोडा कमी झाला तरी आमची हरकत नाही.

आपली,
फूटपाथच्या कडेवर डावीकडून तिसरी
(जिच्या लायब्ररीला आता दोन क्षितिजे आहेत)

ता. क. माझी ४बी तुमच्या खिशात राहिली आहे.