माणसं बारा, सीटा सतरा

एसटीचा प्रवास नानांना फुकट आहे, ही आमच्या कोकण सहलीतली पहिली अडचण होती. ऑगस्ट २०२२पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना महामंडळ तिकीट लावत नाही आणि मार्च २०२३पासून बायकांना अर्धंच लावतं. नानांनी कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडला. ते स्वतः शून्य. आत्या शून्य. (आपण नानांपेक्षा वयाने मोठ्या आहोत हे आत्याने त्या निमित्ताने प्रथमच चारचौघांत मान्य केलं.) वहिनी, ताई, माझी बायको आणि ताईची कॉलेजातली लेक अर्ध्या. दादाची दोन पोरंही अर्धी. "म्हणजे पूर्ण तिकिटाचे तुम्ही चौघे बाप्ये. तेवढ्यासाठी आख्खी गाडी करायची?"

हिशोबात चूक काढता येईना. पण आम्हाला हरिहरेश्वर, दापोली आणि गणपतीपुळे असे तीन मुक्काम करायचे होते, आणि त्या वाटेवर सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री अशा तीन नद्यांच्या खाड्या आडव्या येतात. एसटीने हे जमवायचं तर निम्मी सहल म्हसळा, मंडणगड आणि चिपळूणच्या स्टँडवर करावी लागते. नानांची त्याला तयारी होती. "चार दिवसांचा आवडेल तेथे प्रवासाचा पास निघतो," ते म्हणाले. मावसभाऊ हिंजवडीला असतो. त्याला चार दिवसांत परतही यायचं होतं.

मग कोणीतरी दोन मोटारींचा विषय काढला. दोन मोटारी म्हणजे दोन सहली. पुढची मोटार चहाला थांबते तेव्हा मागची रस्ता चुकलेली असते. मागची चहाला थांबते तेव्हा पुढचे म्हणतात, आमचा झालाय. खरी गंमत नेहमी दुसऱ्या मोटारीत चाललेली असते. आणि जे दोघे गाडी चालवतात त्यांना कोकणातलं फक्त पुढच्या ट्रकवर लिहिलेलं तेवढं दिसतं. शिवाय नानांना कुठल्या मोटारीत बसवायचं हा प्रश्न मतदानाला टाकता येत नाही. ते ग्रुपवर असतात.

म्हणून टेंपो ट्रॅव्हलर. बजाज टेंपो, म्हणजे आताची फोर्स मोटर्स, या आकुर्डीच्या कंपनीने ऐंशीच्या दशकात आणलेल्या या गाडीने महाराष्ट्रातली किती कुळं एकत्र ठेवली याची कुठे नोंद नाही. ती बाराची, तेराची, सतराची, वीसची अशी मिळते. इथे माझं एक मत आहे आणि ते मी कोणाच्याही लग्नात, न विचारता सांगतो: माणसं बारा असतील तर गाडी सतराची घ्यावी. पुशबॅक, एसी, पडदे, मोबाइल चार्जिंग हे सगळं मालक फोनवर सांगतोच, पण आराम त्यात नसतो. आराम रिकाम्या सीटांत असतो. बाराच्या गाडीत बारा माणसं बसतात हे खरं, पण ती माणसं हात हलवत आलीत असं गृहीत धरून. ट्रॅव्हलरला डिकी म्हणावी अशी डिकी नसते. बॅगा एकतर टपावर ताडपत्रीखाली जातात, नाहीतर मधल्या वाटेत येतात, आणि मग दर चहाला शेवटच्या रांगेतला माणूस त्या ओलांडत अडथळ्यांची शर्यत पळतो. आत्याच्या एकटीच्या सामानाला दोन सीटा लागल्या. त्यात दशम्या, मेतकूट, चटण्यांच्या तीन बरण्या, एक पाट आणि ओटीसाठी पुण्याहून नेलेले पाच नारळ होते. कोकणात.

मावसभावाने एक्सेलमध्ये सिद्ध केलं की सतराच्या गाडीला किलोमीटरमागे काही रुपये जास्त पडतात. बारा जणांत वाटले तर माणशी फरक रोजच्या एका मिसळीएवढा निघाला. ठराव मंजूर झाला.

आता भाडं. बाहेरगावच्या गाडीला बहुतेक मालक रोजचे किमान तीनशे किलोमीटर धरतात. तुम्ही पळा वा न पळा. किलोमीटर मालकाच्या दारापासून त्याच्या दारापर्यंत मोजायचे. टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. हे सगळं आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यावं, आणि गाडीची नंबरप्लेट पिवळी आहे ना ते बघावं. पांढऱ्या प्लेटची गाडी स्वस्त पडते, पण खासगी गाडी भाड्याने फिरवताना काही झालं तर विमा कंपनी काय म्हणेल ते ऐकायची आपली इच्छा नसते.

या तीनशेच्या आकड्याने आमच्या दाजींचा ताबा घेतला. चार दिवसांचे बाराशे किलोमीटर आपण विकत घेतलेत आणि आपण जेमतेम सातशे पळणार, हे त्यांनी पौड यायच्या आत काढलं. उरलेले पाचशे किलोमीटर त्यांना सहलभर टोचत राहिले. कुठेही गाडी थांबून माणसं समुद्राकडे बघू लागली की दाजी घड्याळाकडे बघत. "अजून वीस पळालो असतो," ते म्हणत. "इथून महाबळेश्वर किती?"

निघायची वेळ पाचची ठरली होती. म्हणजे सहाची; पाच हे सांगायला. पण हे आता सगळ्यांना माहीत असल्यामुळे सगळे साडेसहाला तयार झाले. त्यातून प्रत्येकाला दारातून उचलायचा आग्रह. हडपसरला ताई-दाजी, सिंहगड रोडला दादा, मग कोथरूड. अशा रीतीने पुण्यातल्या पुण्यात एक पुणे दर्शन होतं आणि पहिल्या उचललेल्याची भूक कोथरूडला पोचेपर्यंत भांडणाच्या टप्प्यात येते. चढायची जागा एकच ठेवावी, शहराच्या ज्या टोकाने बाहेर पडायचं त्या टोकाला, आणि बाकीच्यांनी तिथे रिक्षाने यावं. हे हडपसरकरांना पटत नाही. दाजींना तर मुळीच नाही. ते किलोमीटर मोजत होते.

सीटांचं राजकारण चांदणी चौकापर्यंत मिटलं. आमच्या गाडीत एका बाजूला जोडसीटा आणि दुसऱ्या बाजूला एकेरी होत्या. एकेरी सीट दिसताच विवाहित पुरुषांच्या मनात बायकोविषयी अपार माया दाटून येते. "तू मोकळी बस," असं म्हणत तिघांनीही एकेरी सीटा धरल्या. शेवटची रांग मागच्या चाकांच्याही मागे असते. खड्डा चाकाला लागतो आणि उसळी त्या रांगेला मिळते. तिची पाठही मागे झुकत नाही. पोरं आपण होऊन तिकडे गेली.

मग ताम्हिणी. मुळशीचं पाणी दिसायला लागलं की माणसं कॅमेरे काढतात, आणि वळणं लागली की पिशव्या. याचं कारण साधं आहे: कानातला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण गरगरतोय आणि मोबाइलमध्ये घातलेले डोळे सांगतात, छे, सगळं स्थिर आहे. मेंदू दोघांवरही चिडतो आणि न्याहारी परत करतो. त्यावर आमच्या घरात चार पंथ आहेत. अ‍ॅव्होमिनवाले, आवळासुपारीवाले, आलेपाकवाले आणि "काही होत नाही, गाणी म्हणा"वाले. यातले गोळीवाले बरोबर असतात. फक्त ती घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते, पहिल्या वळणावर पर्समध्ये शोधायची नसते. ज्याला लागतं त्याला पुढे बसवावं, लांब बघायला लावावं आणि मोबाइल काढून घ्यावा. आमच्यात हा त्रास मावसभावाला निघाला. त्याच्या मोबाइलवर सहलीचं एक्सेल होतं, त्यामुळे त्या क्षणापासून सहल लोकशाही पद्धतीने चालू लागली.

माणगावविषयी लिहिण्यासारखं फार नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, आणि सुटीच्या दिवशी माणगावच्या बाजारपेठेत अडकलेल्या माणसाला ते आपल्यासमोरच सुरू झालंय असं वाटतं. आमची गाडी नियमाप्रमाणे ऐंशीच्या वेगाला बांधलेली होती. ही मर्यादा तिथे कोणाला जाचली नाही.

एक्सेलमध्ये हरिहरेश्वरची प्रदक्षिणा दुपारी चारला होती. आम्ही सव्वाचारला पोचलो, म्हणजे जवळजवळ वेळेवर, आणि प्रदक्षिणेच्या वाटेवर समुद्र होता. ज्या घरी उतरलो तिथल्या आजींनी तिथी विचारली. पंचमी. "मग पावणेचारला भरती. आत्ता कुठे जाता?" कोकणात हा हिशोब पोरांनाही येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण मिळते. पाचाची पाऊणपट पावणेचार, अष्टमीला सहा. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. मावसभावाने मोबाइल परत मागितला आणि एका रकान्यात ते सूत्र घातलं. आजींनी सांगितलं तेच उत्तर आल्यावर त्याला बरं वाटलं.

बागमांडल्याहून वेशवीला फेरीबोट जाते. पलीकडे बाणकोटचा किल्ला, मध्ये सावित्रीची खाडी. सतराची गाडी बोटीवर चढते तेव्हा आपण सगळे काहीतरी पराक्रम करतोय असं वाटतं, प्रत्यक्षात पराक्रम एकट्या ड्रायव्हरचा असतो. या बोटी, पुढे दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड, याच आमच्या मार्गातला सगळ्यात मोठा आराम. घाटांचे आणि वळणांचे तास वाचतात, पाय मोकळे होतात, आणि आत्याला चकल्या वाटायला सपाट जमीन मिळते. खूश नव्हते ते फक्त दाजी. बोटीने त्यांचे आणखी किलोमीटर बुडवले.

जेवणाचं मात्र बोटीइतकं सरळ जात नाही. कोकणातल्या घरगुती खानावळीत बारा माणसं अचानक टपकली तर भात लावण्यापासून सुरुवात होते. सकाळी फोन करून ताटं सांगावी लागतात. उकडीचे मोदक हवे असतील तर ते आधल्या दिवशी. पण "किती माशांची, किती शाकाहारी?" या प्रश्नाला आमच्याकडे एका वेळी खरं असं उत्तर नव्हतं. गुरुवारी नाना खात नाहीत. शुक्रवारी ताई. शनिवारी दादा, तोही फक्त दुपारी. आत्या कधीच नाही, पण "रस्सा वेगळ्या पळीने वाढलाय ना?" एवढी चौकशी ती सगळ्यांच्या ताटांची करते. म्हणून जेवणाची कॉन्ट्री एकत्र काढू नये. गाडी, टोल, बोट आणि खोल्या यांचे पैसे निघायच्या आधी सारखे जमा करावेत आणि ताटाचे ज्याने त्याने द्यावेत. सुरमईचा तुकडा एकाने खावा आणि त्याचा बारावा हिस्सा सोलकढी पिणाऱ्याने भरावा, यावरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात. अ‍ॅपमध्ये हिशोब पैशापर्यंत नेमका लागतो, त्यामुळे अबोलाही नेमका लागतो.

राहता राहिले ड्रायव्हरमामा. खरं म्हणजे यांच्यापासून सुरुवात करायला हवी. सहल ठरवताना खोल्यांची गाद्यांसकट चौकशी होते, पण ड्रायव्हर रात्री कुठे झोपणार हे क्वचितच कोणी विचारतं. तो गाडीतच झोपतो, काचा लावल्या तर उकडतं आणि उघडल्या तर डास, आणि सकाळी तोच माणूस आपल्या बारा जणांना घाटातून नेणार असतो. खोली ठरवतानाच त्याच्या झोपण्याचं विचारावं, आणि रात्रीचा घाट टाळावा. आमच्या मामांनी ही दुसरी अट स्वतःच घातली होती. "अंधारात घाट नाही. जेवण आठला. गाणी माझी." गाणी त्यांची म्हणजे पेनड्राइव्हमधली, त्याच त्या क्रमाने, तिसऱ्या दिवशी नाना पुढचं गाणं कोणतं ते आधी सांगत.

मामांनी समुद्राकडे एकदाही पाहिलं नाही. कर्द्याला पोरं ओढायला लागली तर म्हणाले, "कालपण हाच होता." तिथेच दाजींना गाडी वाळूवर न्यायची कल्पना सुचली, फोटो छान येईल आणि दोनेक किलोमीटरही होतील. मामांनी चावी खिशात टाकली आणि झाडाखाली जाऊन आडवे झाले. अर्ध्या तासाने पलीकडे एका पांढऱ्या मोटारीची चाकं ओल्या वाळूत रुतली. पाणी चढत होतं, मालक फोनवर ओरडत होता, गावातला ट्रॅक्टर दर सांगत होता. आमचे सगळे पुरुष धक्का मारायला धावले. मामा उठले नाहीत. "ट्रॅक्टर आहे ना," एवढंच म्हणाले.

परतताना आंबा घाट चढून मलकापुरात आलो तेव्हा दाजी प्रथमच समाधानी दिसले. गणपतीपुळ्याहून कोल्हापूरमार्गे पुणे तीनशेच्या वर भरतं. एका दिवसाचा तरी पैसा त्यांच्या मते पूर्ण वसूल होत होता. मागच्या रांगेत पोरं तीन रिकाम्या सीटांवर आडवी पसरली होती. उरलेल्या दोन सीटांवर आत्याचं सामान होतं, आता नारळांऐवजी कोकमं आणि फणसपोळी.

साताऱ्याच्या पुढे आत्या उठून पुढे गेली आणि मामांच्या शेजारच्या सीटवर बसली. तिच्या भजनी मंडळाला नरसोबाच्या वाडीला जायचंय. बायका वीस.

"वीसची गाडी आहे ना आपल्याकडे," मामा म्हणाले.

"वीसची कशाला? हीच बरी आहे. सतरात बसतील. सगळ्या वाळक्या आहेत."

"आणि टाळ-मृदंग?"

"ते मांडीवर."

मामांनी आरशातून मागे, त्या पसरलेल्या पोरांकडे पाहिलं. मग गाण्याचा आवाज थोडा वाढवला.