नाऊरूची किल्ली

प्रशांत महासागरातला नाऊरू जेमतेम २१ चौरस किलोमीटरचा. त्याचं फॉस्फेट उकरून ऑस्ट्रेलियाने आपली शेतं पिकवली. १९६८मध्ये स्वातंत्र्य मिळेपर्यंत बेटाचा बराच भाग खरवडून झाला होता. नाऊरू आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, तेव्हा कुठे १९९३मध्ये १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. (मधल्या काळात फॉस्फेटमुळे आलेल्या सुबत्तेत या चिमुकल्याने मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत उठवली. पुढे तीही विकली.)

फॉस्फेट सरलं, मग विकायचं काय? जागा! २००१पासून ऑस्ट्रेलियाला आपल्या दारात नको असलेले आश्रयार्थी नाऊरू सांभाळू लागला, अर्थात रोख मोबदल्यावर. शिवाय विकायला राजनैतिक मान्यता होतीच: २००२मध्ये चीनला, २००५मध्ये तैवानला, २०२४मध्ये पुन्हा चीनला.

एवढं झाल्यावर कॅनबेराला जाग आली. डिसेंबर २०२४च्या करारात अर्थसंकल्पासाठी १० कोटी डॉलर देऊ केले, पोलिसांसाठी ४ कोटी वेगळे. बदल्यात सुरक्षा, बँका, दूरसंचार यांत तिसऱ्याला घ्यायचं तर आधी ऑस्ट्रेलियाची संमती. सार्वभौमत्व शाबूत आहे हो, फक्त किल्ली शेजाऱ्यांकडे असते. नाऊरूचं चलनही ऑस्ट्रेलियन डॉलरच. विनिमय दराची कटकट तेवढी वाचली.