केल्विनराव

घाटमाथ्यावरच्या एखाद्या हॉटेलात पिठलं कुठलं आणि झुणका कुठला हे तोंडात घास गेल्यावरच कळत असेल आणि मेनूकार्ड वाचायला प्रत्येक टेबलावर मोबाइलचा टॉर्च लागला असेल, तर समजावं, इथं केल्विनराव येऊन गेले आहेत.

त्यांचं खरं नाव हॉटेलागणिक वेगळं असतं. लोणावळ्याला एक, पाचगणीला दुसरं. माणूस मात्र तोच. अंगात मुद्दाम न इस्तरलेला लिननचा शर्ट, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा, हातात अंतर मोजायचं लेसरचं यंत्र, आणि पायात पावसाच्या पहिल्या शिंतोड्याला राम म्हणणारे बूट. त्यांच्यापुढं ‘किती वॉटचा बल्ब?’ असं चुकूनही विचारू नये. वॉट विजेच्या बिलात बघायचे. उजेड किती ते लुमेनमध्ये मोजतात आणि तो कसा ते केल्विनमध्ये. मेणबत्ती १९००च्या आसपास, जुना पिवळा बल्ब २७००, आणि आपली पांढरीफेक ट्यूब ६५००. या शेवटच्या आकड्याचा उच्चार ते एखाद्या रोगाच्या नावासारखा, आवाज खाली आणून करतात.

महाबळेश्वरच्या एका मालकाला त्यांनी हे समजावलं तेव्हा मी शेजारच्या टेबलावर होतो. (भजी येईपर्यंत माणूस काहीही ऐकतो.)

“आकडा जितका मोठा, तितका उजेड थंड,” केल्विनराव म्हणाले.

“आकडा वाढला की थंड? मग आमचा गिझर उलटा म्हणायचा का सर?”

केल्विनरावांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा हॉलभर नजर फिरवून म्हणाले, “शेठ, ही स्पेस बोलत नाहीये.”

“सीझन संपलाय ना. गिऱ्हाईकच नाही, तर बोलणार कोण?”

माणूस अडाणी नाही, हे आधीच सांगून टाकतो. जुन्या हॉलमध्ये छताला ओळीनं ट्यूबा होत्या आणि दरीच्या बाजूला मोठमोठ्या काचा. रात्री आत लख्ख आणि बाहेर काळोख असला की काचेचा आरसा होतो. म्हणजे दरीकाठचं टेबल मिळावं म्हणून तासभर नंबर लावलेलं गिऱ्हाईक अंधार पडल्यावर स्वतःलाच भजी खाताना बघत बसायचं. यावर केल्विनरावांचा उतारा अगदी बरोबर होता. छताचा उजेड उतरवा, प्रत्येक टेबलावर हातभर उंचीवर टोपीवाला दिवा सोडा, बल्ब काचेत दिसता कामा नये. शिवाय दिवा असा घ्या की पदार्थाचा रंग खरा दिसेल. त्याचाही एक आकडा असतो, तो नव्वदच्या वर हवा, नाहीतर स्ट्रॉबेरी मातकट दिसते आणि ठेचा शिळा. पिवळ्या उजेडाला पांढऱ्यापेक्षा किडे कमी येतात, हेही त्यांचंच. इथपर्यंत मी त्यांच्या बाजूचा.

घोटाळा पुढं होतो. केल्विनरावांना प्रकाश पाठ असतो, पाऊस नसतो.

सीझन बुडू नये म्हणून काम पावसाळ्यात काढायचं ठरतं. साडेचार हजार फुटांच्या आसपास वसलेलं, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारं हे गाव. जांभ्याच्या भिंतींत पाणी मुरू नये म्हणून इथं पूर्वी घरांना बाहेरून गवताच्या झडी बांधत, आता प्लॅस्टिकचे कागद लावतात. अशा हवेत केल्विनरावांनी जुलैत वॉलपेपर लावला. ऑगस्टमध्ये तो आपण होऊन उतरला. प्लायवूड फुगलं, दारं मिटेनात, आणि पीओपीच्या छतावर पश्चिम घाटाचा एक बऱ्यापैकी नकाशा उमटला. सुतार नुसता हसला. तो इथलाच होता, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मग व्हर्टिकल गार्डन. हॉटेलच्या मागच्या दगडी बांधावर पावसाळ्यात फुकटचं शेवाळ आणि नेचे इतके माजतात, की मालक माणूस लावून ते खरवडून काढतो. त्याच आठवड्यात पुण्याहून टेम्पोनं प्लॅस्टिकचं शेवाळ आलं, चौरस फुटाच्या भावानं. मागचं काढणारा आणि पुढचं चिकटवणारा गडी एकच होता. त्याला मजुरी दोन्हीची मिळाली, त्यामुळं त्याची काही तक्रार नाही.

थीम ‘रस्टिक’ होती. मालकाच्या बापजाद्यांनी कंदील, पोती आणि घोंगडी यांतून सुटायला हयात घालवली, आणि केल्विनरावांनी ते सगळं जुन्या बाजारातून परत आणून छताला टांगलं. बैलगाडीच्या चाकाचं झुंबर झालं. चाकाखाली बसायला गावातलं कुणी तयार नाही. मुंबईचे लोक बसतात, त्यांच्या डोक्यावर कधी चाक पडलेलं नाही.

दरीवर डेक काढायचा बेतही होता, पण मधे जांभूळ आणि हिरडा. मालकानं सांगितलं, महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, इथं झाड तोडायचं मनातही आणू नका. केल्विनराव क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मग झाडालाच हायलाइट करू.” बुंध्यापाशी जमिनीत दिवे पुरून उजेड वर सोडला. कोरड्या हवेत ते झाड खरोखर देखणं दिसलं असतं, पण त्या दिवसांत धुकं होतं. धुक्यात उजेड सोडला की तो पाण्याच्या कणांवर फुटून माघारीच येतो. झाड दिसेना, दरी दिसेना, काचेबाहेर नुसती दुधाळ भिंत. केल्विनरावांनी आणखी दोन दिवे वाढवले, भिंत आणखी पांढरी झाली. पसरणी घाटातला कुठलाही जीपवाला धुक्यात अप्पर मारत नाही, डिपर ठेवतो. पण जीपवाल्याचं व्हिजिटिंग कार्ड नसतं.

या सगळ्या रणधुमाळीत एकच जागा हलली नाही, ती म्हणजे गल्ला. तिथं मालकाचे वडील बसतात, आबा. त्यांच्या डोक्यावर ट्यूब, ६५००वाली, थोडी लुकलुकणारी. केल्विनरावांनी आधी विनंती केली, मग वेताची टोपली घालून बघतो म्हणाले, मग लाकडी पट्टीआड लपवतो म्हणाले. शेवटी कळवळून सांगितलं, “आबा, अख्ख्या हॉलचा मूड ही एक ट्यूब मारतेय.”

आबांनी पाचशेची नोट उजेडात धरली, उलटी केली, खणात टाकली. “नोट खरी का खोटी, ते मला दिसाया पायजे. मूड तिकडं ठेवा, टेबलाव.”

दसऱ्याला उद्घाटन झालं. नारळ फुटला, फोटो निघाले आणि फोटोत सगळे पिवळे, श्रीमंत आणि किंचित अस्पष्ट आले. गर्दी ओसरल्यावर मालकानं शेवटच्या हप्त्याचा चेक केल्विनरावांच्या हातात दिला. ते त्यांच्या लाडक्या दरीकाठच्या टेबलाशी, टोपीवाल्या दिव्याखाली बसले होते. चेक त्यांनी जवळ धरला, लांब धरला, चष्मा लावला, काढला. मग उठले आणि तडक गल्ल्यापाशी, आबांच्या ट्यूबखाली जाऊन उभे राहिले. तारीख बघितली, सही बघितली, शून्यं दोनदा मोजली.

“दिसतंय न्हवं?” आबांनी विचारलं.