डिसेंबरातलं दार

नाशकात डिसेंबरच्या सकाळी गाडीला रंग मारू नये हे ज्याला ठाऊक नाही असा पेंटर नाही, आणि ते ज्याला पटतं असा जुन्या गाडीचा मालक नाही. पेंटर दुपारची वेळ देतो. मालकाला दुपारपर्यंत दम निघत नाही. शिवाय दुपारी सोसायटीतली निवृत्त मंडळी जेवणं उरकून पार्किंगमध्ये उन्हाला येऊन बसतात. त्यांच्यासमोर हातात स्प्रेचा डबा घेऊन उभं राहणं म्हणजे सल्ल्यांची जाहीर निविदा काढणं.

आमच्या शेजारच्या काकांनी म्हणूनच सकाळी साडेसहाचा मुहूर्त धरला. गाडी प्रीमियर पद्मिनी. आरसी बुकात रंगाच्या रकान्यात ‘क्रीम’ अशी नोंद आहे, पण इतक्या वर्षांच्या उन्हानं त्या नोंदीशी गाडीचा संबंध आता लांबच्या नात्यातला राहिला आहे. सोसायटीच्या फाटकानं तिच्या मागच्या डाव्या दाराला ओरखडा काढला होता. फाटक कुणी ढकललं हा विषय वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे, म्हणजे तो आता सुटायचा नाही.

या गाडीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर एका दारासाठी एवढा खटाटोप का, हे कळणार नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या गाड्या बाहेर पडत, आणि त्यातलीच एक १९७० च्या दशकात पद्मिनी झाली. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट सलग बाकासारखी, आणि नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहायची. काकांच्या वडिलांनी ही गाडी अशीच वाट पाहून घेतलेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी उतरल्याची बातमी आली, तेव्हा काका दिवसभर गप्प होते. संध्याकाळी त्यांनी गाडीला नवं कव्हर आणलं. जबाबदारी वाढली, एवढंच म्हणाले.

तर त्या सकाळी काकांनी सगळं रीतसर केलं होतं. ओरखड्यात लांबी भरून, घासून, प्रायमर मारून झालेला. कडेनं मास्किंग टेप, त्याखाली आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र. पत्र्यावरचं दव फडक्यानं पुसून घेतलं. डबा खळखळ हलवला. त्या खळखळीनं दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना जाग आली आणि दूधवाला आला असं वाटून त्या पातेलं घेऊन खाली आल्या. त्यामुळे पहिला हात मारला गेला तेव्हा साक्षीदार होताच.

पहिला हात लागला. रंग ओला होता तोवर दार असं काही चमकलं की काका दोन पावलं मागे सरून बघत राहिले. मग तो सुकायला लागला आणि पाच-सात मिनिटांत दारावर दुधाळ साय धरली. चमक गेली, क्रीमचा रंग खडूसारखा झाला, आणि बोट फिरवलं तर खरखरीत. वहिनी म्हणाल्या, “मॅट फिनिश का काका? हल्ली तीच फॅशन आहे म्हणे.” काकांनी उत्तर दिलं नाही.

आता यात रंग वाईट नव्हता, दारही वाईट नव्हतं. गडबड हवेची होती. इंजेक्शनच्या आधी नर्स दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवते तेव्हा तिथे गार लागतं, कारण स्पिरिट उडताना कातडीची उष्णता घेऊन जातं. रंगातलं थिनर पत्र्याशी नेमकं तसंच वागतं. त्यात नाशकातली निरभ्र रात्र. अशा रात्री उघड्यावरचा पत्रा आपली उष्णता आकाशाला देऊन टाकतो आणि पहाटे हवेपेक्षाही गार होऊन बसतो. त्या गारठलेल्या पत्र्यावर थिनर उडालं की तो आणखी गार होतो, आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर दव होऊन बसते. दव पुसलं म्हणून हवेतली ओल पुसली जात नाही. ते बारीक बारीक थेंब रंगात अडकतात, पाणी नंतर निघून जातं, पोकळ्या तशाच राहतात, आणि प्रकाश त्यांच्यावर आपटून सैरावैरा पसरतो. आपल्याला दिसतो तो पांढुरकेपणा हाच.

डब्याचीही आपली बाजू आहे. स्प्रेच्या डब्यात रंगाबरोबर दाबाखाली द्रवरूप झालेला वायू असतो, बहुधा प्रोपेन आणि ब्युटेन. ब्युटेन शून्य अंशाच्या जवळपास उकळतं, त्यामुळे थंडीत ते अंगात जोर नसल्यासारखं वागतं. दाब उतरतो, रंगाचा तुषार बारीक न होता जाड थेंबांनी पडतो, आणि पत्र्यावर संत्र्याची साल उमटते. शिवाय फवारता फवारता डबा स्वतःच आणखी गार पडत जातो. म्हणून जाणकार लोक डबा आधी कोमट पाण्यात ठेवतात. कोमट म्हणजे हात घालता येईल इतकं. पन्नास अंशांच्या वर नेऊ नये असं डब्यावरच छापलेलं असतं. गॅसच्या शेगडीजवळ डबा नेण्याची कल्पना ज्यांना सुचते त्यांच्या घराचा विमा आधी उतरवून घ्यावा.

साडेनऊपर्यंत बातमी सोसायटीभर गेली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्या काकांनी टूथपेस्ट सांगितली. हा सल्ला अगदीच टाकाऊ नाही, कारण टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असतेच. पण एका अख्ख्या दाराला किती ट्यूब लागतील याचा हिशेब त्यांनी केला नव्हता. कुणी खोबरेल तेल म्हणालं. तेलानं चमक येते खरी, पण संध्याकाळपर्यंत धूळ बसून दाराला खरूज झाल्यासारखं दिसतं. एका तरुण मुलानं हेअर ड्रायर आणून दिला. तो लांबून, हलक्या हातानं चालतो. जवळून मारला तर वरचा थर आधी सुकतो, आत अडकलेलं थिनर बाहेर पडायला बघतं आणि रंगावर फोड येतात. काकांच्या मुलानं कॅलगरीहून व्हिडिओ कॉलवर दार पाहिलं. त्याच्याकडे तेव्हा उणे अठरा होतं. तो म्हणाला, “बाबा, इथे हिटर लावलेलं गॅरेज नसेल तर एप्रिलपर्यंत कुणी स्प्रेला हात लावत नाही.” काका म्हणाले, “तुमच्याकडे एप्रिलपर्यंत दुपार होत नाही. आमच्याकडे रोज होते.”

हे मात्र त्यांनी शंभर टक्के खरं सांगितलं. आपली थंडी ही सकाळ-संध्याकाळची नोकरी करणारी थंडी आहे. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी ज्या दिवशी पहिल्या पानावर येते, त्याच दिवशी दुपारी नाशकात लोक स्वेटर कमरेला बांधून फिरत असतात. पहाटेच्या हवेतली ओल दुपारपर्यंत कितीतरी उतरते आणि पत्रा हाताला ऊबदार लागतो. रंगाला हवी असते ती हीच बारा ते तीनची वेळ. नेमकी वामकुक्षीची. रंगाचं शास्त्र आणि मराठी माणसाचं शरीर यांचं इथे जमत नाही.

दुपारी पेंटर आला. काकांनी त्याला बोलावलं नव्हतं, काकूंनी बोलावलं होतं. त्यानं दार पाहिलं, वास घेतला, नख लावून पाहिलं आणि निदान सांगितलं, “काका, रंग चांगला, हात चांगला, टाइम खराब.” एवढ्या सभ्य शब्दांत नापास झाल्यावर काकाही जरा सैल झाले. चहा आला.

मग त्यानं चिंधीवर थिनर घेतलं आणि खालच्या कडेला, न दिसणाऱ्या जागी टेकवलं. चिंधीला क्रीम रंग लागला. म्हणजे हा थिनर उडून सुकणारा रंग होता आणि थिनर मिळालं की पुन्हा विरघळणारा. गॅरेजमध्ये हल्ली हार्डनर घालून जो टू-के मारतात तो असा विरघळत नाही. तो रासायनिक क्रियेनं कडक होतो आणि थंडीत ती क्रियाच मंदावते, म्हणून मोठ्या वर्कशॉपांत रंगवलेली गाडी साठेक अंशांच्या भट्टीत तापवून काढतात. काकांचा रंग जुन्या घराण्यातला. १९२३ मध्ये जनरल मोटर्सची ओकलंड गाडी ड्युपाँटच्या ड्युको रंगानं निळी झाली, तेव्हापासून चालत आलेला. त्याआधी एक गाडी रंगवून, सुकवून बाहेर काढायला आठवडे लागत. ड्युकोनं ते काम तासांवर आणलं. तासांवर आणलं म्हणूनच तर माणसाला सकाळी साडेसहाला रंग मारून साडेआठला गाडी बाहेर काढण्याची स्वप्नं पडू लागली.

पेंटरनं सावकाश उडणारं थिनर बंदुकीत भरून दारावर नुसता धुक्यासारखा हलका फवारा मारला. वरचा थर किंचित सैल झाला, अडकलेल्या पोकळ्या मिटल्या, आणि साय बऱ्यापैकी नाहीशी झाली. बघ्यांनी टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या. पण खरखर राहिलीच होती. त्यासाठी पेंटर म्हणाला, “आठ दिवस हात लावू नका. उन्हात राहू द्या. मग घासू.”

हे आठ दिवस काकूंच्या दृष्टीनं सर्वांत कठीण गेले. काका दर दुपारी दारापाशी जाऊन बोट लावायचे आणि बोटाचा ठसा उमटला की नाही ते चष्मा कपाळावर चढवून बघायचे.

नवव्या दिवशी पेंटरनं बादलीत पंधराशे नंबरचा वॉटर पेपर भिजत घातला, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले, पेपर रबराच्या ठोकळ्याला गुंडाळला आणि दार घासायला लागला. आणि काकांच्या डोळ्यांदेखत, होती नव्हती तीही चमक गेली. दार पाटीसारखं निस्तेज झालं. मला इथेच या सगळ्या प्रकारातली खरी गंमत वाटते. चमक नसण्यावरचा उपाय म्हणजे उरलीसुरली चमकही काढून टाकायची. कारण चमक रंगात नसतेच. ती असते सपाटपणात. पत्र्यावरचे उंचवटे आणि खड्डे जोवर प्रकाशाच्या लहरीपेक्षा मोठे आहेत, तोवर प्रकाश वाट्टेल त्या दिशेला उधळतो. आणि प्रकाशाची लहर असते मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी. तेवढी बारीक समजूत घालायची तर आधी सगळ्या उंचवट्यांना एका पातळीवर आणावं लागतं, म्हणजे पंधराशेनंतर दोन हजारचा पेपर, मग रबिंग कंपाउंड, आणि शेवटी मेणाचं पॉलिश. दर टप्प्याला ओरखडेच पडतात, फक्त आधीच्यापेक्षा बारीक. शेवटचे ओरखडे डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक झाले की त्याला आपण आरसा म्हणतो.

काकांना हे तत्त्व कळत होतं, पण बघवत नव्हतं. “अहो, जास्त जातंय,” असं ते मधून मधून म्हणत. त्यांची भीती खोटी नव्हती. गाडीवरचा सगळा रंग, प्रायमरसकट, मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आसपास असतो. कडेला आणि उंच घडीवर तो त्याहूनही पातळ, आणि तिथे हात जड झाला की खालचा प्रायमर डोकावतो. पेंटर कडेला नुसतं बोट फिरवत होता. एखाद्या कामात जोर कुठे लावायचा नाही हे कळायला किती वर्षं लागत असतील, ते त्या माणसाच्या मनगटाकडे बघून कळत होतं. त्याच्या मजुरीत या वर्षांचा हिशेब धरलेला नव्हता, आणि काकांनी घासाघीस केली ती त्या धरलेल्या मजुरीवर. मला ते आवडलं नाही, पण मी शेजारी आहे.

संध्याकाळी पाचच्या उन्हात दार तयार झालं. त्यात समोरची कडुलिंबाची फांदी, विजेच्या तारा आणि काकांचं पोट हे सगळं स्पष्ट दिसत होतं. वहिनी खाली उतरून खास बघून गेल्या. सगळे खूश होते. फक्त पेंटर हाताची घडी घालून, डोकं जरा तिरकं करून बघत उभा होता. मग तो हळूच म्हणाला, “काका, थोडी चमक मारून देऊ का?”

“मारून?”

“म्हणजे कमी करून. बाकी गाडी बघा.”

आम्ही बाकी गाडी पाहिली. आजवर जी गाडी आम्हाला जुनी पण नीटनेटकी वाटत होती, ती त्या एका दारामुळे अचानक सगळीकडून विटकी दिसायला लागली होती. पुढचं दार मळकट, बॉनेट पिवळट, टप तर बघवेना. दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचं चोरलेलं दार लावावं तशी ती दिसत होती, आणि पेंटर सांगत होता ते धंद्यातलं रोजचं सत्य होतं: नवा तुकडा जुन्यात मिसळायचा तर त्याचा तोरा थोडा उतरवावा लागतो. कंपाउंडचा जाडसर हात मारला की दार पुन्हा वयात आलं असतं, म्हणजे आपल्या खऱ्या वयात.

काकांनी साफ नकार दिला. आठ दिवस बोट लावून ठसे बघितलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. त्यांनी पेंटरकडून उरलेलं कंपाउंड, अर्धा पेपर आणि ठोकळा विकत घेतला, आणि बाकीची गाडी दाराच्या लायकीची करायची असं ठरवलं. दर रविवारी एक भाग, दुपारी बारा ते तीन, वामकुक्षी रद्द.

पुढची दारं झाली. बॉनेट होत आलंय, डिकी व्हायची आहे. डाव्या मडगार्डच्या घडीवर प्रायमरचा एक करडा ठिपका दिसू लागलाय, त्याविषयी कुणी बोलत नाही. खरी अडचण टपाची आहे. टपाला हात पोहोचत नाही, स्टूल लागतं, आणि घरातलं एकुलतं एक स्टूल काकूंनी माळ्याखाली ठेवून त्यावर तांदळाचा डबा चढवला आहे. डबा उतरवला तर आधी पंख्यांची पाती पुसून द्यायची, अशी त्यांची अट आहे. घरात पंखे सहा आहेत. काका सध्या विचार करतायत.